दगडावरचे घोडेस्वार

आपल्या समाजातील जुन्या घरांत अजूनही एखादे पिवळे पडलेले, कडा झिजलेले मराठी-हिब्रू पुस्तक सापडते. त्यातील अक्षर खिळ्यांच्या छापासारखे सरळ रेषेत बसलेले नसते. हाताने लिहिल्यासारखे ते थोडे वरखाली होते, आणि कागदावर काळ्या शाईचे बारीक ठिपके उडालेले असतात. हे पुस्तक शिळाछापावर, म्हणजे दगडावर छापलेले असते. ज्या दगडाने आपल्याला मराठीतील पहिली हगादा दिली, त्याच जातीच्या दगडाने दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये घोडेस्वारांची आणि पूर्वेकडील लोकांची चित्रे घराघरांत पोचवली. ती चित्रे कोणी काढली, का काढली आणि त्यांतला एक मोठा चित्रकार आपला दगड घेऊन लंडनपर्यंत कसा गेला, हे वाचकांपुढे मांडावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रथम दगडाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी हकीकत त्यावर अवलंबून आहे. आलॉइस सेनेफेल्डर हा म्युनिक येथे राहणारा नाटककार. स्वतःची नाटके छापायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. स्वस्तात छापण्याची युक्ती शोधता शोधता १७९८ च्या सुमारास त्याला बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या खाणीतील चुनखडीच्या गुळगुळीत दगडाचा गुण सापडला. साबण, मेण आणि काजळी यांच्या चिकट खडूने दगडावर रेघ काढायची, वरून गोंद आणि पातळ तेजाब यांचे पाणी फिरवायचे, मग दगड ओला करून शाईचा रूळ चालवायचा. तेल आणि पाणी यांचे वैर आपल्या स्वयंपाकघरातही सर्वांना ठाऊक आहे. ओल्या जागी शाई बसत नाही, चिकट रेघेवर बसते. वर कागद ठेवून दाबले की रेघ जशीच्या तशी कागदावर उतरते. सारे इंगित एवढेच.

परंतु ह्या ‘एवढेच’चा परिणाम मोठा झाला. त्यापूर्वी चित्र छापायचे तर चित्रकाराने काढायचे आणि दुसऱ्या कारागिराने ते महिनोन् महिने तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, अशी रीत होती. छापलेल्या चित्रात हात कारागिराचा दिसे, चित्रकाराचा नव्हे. दगडावर मात्र चित्रकार कागदावर खडू फिरवावा तसा खडू फिरवू शकत होता. एकच अडचण होती, ती म्हणजे चित्र उलटे उमटे. उजव्या हातात तलवार दाखवायची असेल तर दगडावर ती डाव्या हातात काढावी लागे. घाईत काम करणारा हे विसरला की छापलेल्या चित्रात स्वार डावखुरा होऊन बसे.

इंग्लंडने ही विद्या फ्रान्सच्या आधी पाहिली, ही गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. सेनेफेल्डर स्वतः लंडनला गेला होता आणि १८०१ साली त्याने तेथे पेटंट घेतले. रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष बेंजामिन वेस्ट याने त्याच वर्षी दगडावर एक देवदूत काढला, आणि १८०३ साली अशा चित्रांचा एक संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पण इंग्रजांना त्याची गोडी लागली नाही. दहा-पंधरा वर्षे दगड तसाच पडून राहिला.

फ्रान्समध्ये मात्र ह्या विद्येने पहिला पाय ठेवला तो घोड्यावर बसून, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लजन नावाचा एक सैनिकी अधिकारी चित्रकारही होता. ऑस्टर्लिट्झची लढाई आटोपून परत येताना १८०६ मध्ये तो म्युनिकला थांबला. तेथे सेनेफेल्डरच्या कारखान्यात त्याला दगड आणि खडू देण्यात आला आणि त्याने त्यावर एक घोड्यावरचा कोसॅक काढला. काही तासांत त्याच्या शंभर प्रती छापून हातात आल्या, तेव्हा तो थक्क झाला. पॅरिसला जाऊन त्याने त्या नेपोलियनला दाखवल्या. लढाईच्या धुमाळीत त्या वेळी त्यातून फारसे काही निघाले नाही. १८१६ मध्ये एंगेलमन आणि लास्तेरी या दोघांनी पॅरिसमध्ये आपापले शिळाछापखाने उघडले, तेव्हा खरी सुरुवात झाली.

ते वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा मोड झाला होता. जुने राजघराणे पुन्हा गादीवर आले होते. वीस वर्षे युरोपभर घोडी दौडवणारे हजारो सैनिक अर्ध्या पगारावर घरी बसले होते. त्यांच्या पराक्रमाविषयी उघड बोलण्याची सोय नव्हती. बोलले तर पोलिसांचे लक्ष जाई. पण चित्राला तोंड नसते. दुकानाच्या काचेत एखाद्या जखमी स्वाराचे चित्र लावले आणि त्याखाली दोन शब्द छापले, तर कोणाला काय म्हणता येणार? कार्ल व्हर्ने हा घोड्यांच्या चित्रांत हातखंडा असलेला म्हातारा चित्रकार, त्याचा मुलगा होरेस व्हर्ने, आणि शार्ले नावाचा तरुण, अशा मंडळींनी दगडावर शिपाई आणि स्वार काढण्याचा सपाटा लावला. होरेसच्या चित्रशाळेत तर नेपोलियनच्या जुन्या अधिकाऱ्यांचा अड्डाच जमत असे. चित्र स्वस्त होते, चार आण्यांच्या ऐपतीचा माणूसही ते घेऊन भिंतीवर लावू शकत होता. ज्याला आपण हल्ली प्रचार म्हणतो तो असा चालला होता, आणि त्यात खरे दुःखही होते.

कार्ल व्हर्नेकडे शिकलेल्या मुलांत एक होता थिओडोर जेरिको. नाव उच्चारले की आपल्याला यहोशवाच्या पुस्तकातील यरीहोच्या भिंती आठवतात, पण त्याचा तिच्याशी काही संबंध नाही. तो १७९१ साली रुआं येथे जन्मलेला सुखवस्तू घरातला फ्रेंच मुलगा. घोड्यांचे त्याला वेड होते. एकविसाव्या वर्षी, १८१२ मध्ये, त्याने पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात उसळलेल्या घोड्यावर बसलेल्या अधिकाऱ्याचे चित्र लावले. दोन वर्षांनी त्याच प्रदर्शनात दुसरे चित्र आले. त्यातला चिलखती शिपाई जखमी होऊन रणातून पायी निघाला आहे आणि घोड्याला लगामाने ओढतो आहे. त्या दोन वर्षांच्या मध्ये रशियाची मोहीम झाली होती.

१८१७ पासून जेरिकोने दगडावर काम सुरू केले. १८१८ मध्ये त्याने काढलेल्या शिळाचित्रांपैकी दोन चित्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते त्या काळच्या साऱ्या घोडेस्वारांच्या चित्रांत ह्यांच्या तोडीचे दुसरे नाही.

पहिले आहे रशियाहून परतणाऱ्यांचे. एक पायदळ शिपाई, त्याचा एक हात गेलेला, बर्फातून चालतो आहे. उरलेल्या हाताने त्याने एका घोड्याचा लगाम धरला आहे. घोड्यावर चिलखती स्वार आहे, पण त्याला डोळ्यांनी दिसत नाही. एकाला हात नाही, दुसऱ्याला डोळे नाहीत, आणि घोडा इतका खंगलेला की तिसरा अपंग तोच. ह्या चित्रासाठी जेरिकोने दोन दगड वापरले, एक काळ्या रेघांचा आणि एक फिकट रंगाचा. त्या फिकट रंगात कोरी सोडलेली जागा म्हणजे बर्फ. कसलीही घोषणा नाही, निशाण नाही.

दुसरे चित्र आहे मामलुकाचे. नेपोलियनच्या खास दलातील एक मामलुक जखमी तुतारीवाल्याला सावरतो आहे आणि एक कोसॅक भरधाव घोडा फेकत त्या दोघांवर येतो आहे. मामलुक म्हणजे मुळात विकत घेतलेला गुलाम. इजिप्तमध्ये अशा गुलामांचेच घोडदळ पुढे राज्यकर्ते झाले. नेपोलियनने १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी केली, पिरॅमिडांजवळ त्यांचा पराभव केला, आणि परत जाताना त्यांच्यापैकी काही जण फ्रेंच सैन्याबरोबर फ्रान्सला गेले. त्यांच्यात जॉर्जियन होते, आर्मेनियन होते, सीरियन होते, कोप्ट होते. फेटा, रुंद सुरवार, वाकडी तलवार अशा पोशाखात त्यांचे एक लहानसे पथक बादशहाच्या रक्षकदलात सामील झाले. पुढे पुढे त्या पथकात त्याच पोशाखातले अस्सल फ्रेंचही भरती होऊ लागले.

पॅरिसमध्ये ह्या पोशाखाचे कौतुक होते. कार्ल व्हर्नेने मामलुक पुष्कळ काढले. ते दिमाखदार आहेत, घोडी नाचवणारी आहेत, रेशमाची सळसळ ऐकू यावी असे आहेत. पूर्वेचे चित्र म्हणून युरोपियन गिऱ्हाइकाला जे हवे असते ते त्यांत सगळे आहे. जेरिकोचा मामलुक वेगळा आहे, आणि का वेगळा आहे हे कळायला १८१५ सालच्या जून महिन्यात मार्सेय शहरात काय झाले ते ठाऊक असले पाहिजे. इजिप्तहून आलेली ही मंडळी आणि त्यांची कुटुंबे त्या बंदरात राहत होती. वॉटर्लूच्या पराभवाची बातमी पोचली आणि राजपक्षाच्या जमावाने त्यांच्या वस्तीवर हल्ला केला. बायकामुलांसह कित्येक जण मारले गेले. लढाईत फ्रान्सच्या बाजूने रक्त सांडलेल्यांची घरे फ्रेंच जमावानेच धुळीला मिळवली. ह्या गोष्टीला तीन वर्षे झाली होती, तेव्हा जेरिकोने एक परका, फेटेवाला माणूस काढला आणि त्याच्या हातात एका फ्रेंच पोराचा जीव दिला. त्याने कोणाला उद्देशून हे केले, हे त्याने कोठे लिहून ठेवल्याचे मला माहीत नाही. पण पाहणाऱ्याला कळत होते, एवढे नक्की.

येथे थोडे विषयांतर करतो. इजिप्तच्या ह्या स्वारीचा एक धागा आपल्या इतिहासाला चिकटलेला आहे. नेपोलियनची नजर इजिप्तवरून हिंदुस्थानवर होती, आणि १७९९ च्या जानेवारीत त्याने कैरोहून टिपू सुलतानाला पत्र धाडले होते. त्याच वर्षी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्याच्या आधीच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडलेले आणि सुटून आल्यावर १७९६ साली मुंबईत आपले पहिले प्रार्थनालय बांधणारे सुभेदार सामाजी हसाजी दिवेकर यांची हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. आणखी असे की, पॅरिसमध्ये जेरिको दगडावर स्वार काढीत होता त्या १८१८ सालीच इकडे पेशवाई बुडाली. अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्या मराठी फौजेचा तो शेवट होता. पण त्या स्वारांना त्यांच्यातलाच कोणी जेरिको मिळाला नाही. आपल्याकडे दगडही अजून पोचायचा होता.

आता लंडनकडे वळू. १८१९ मध्ये जेरिकोने आपले सर्वांत मोठे चित्र पुरे केले. ‘मेड्युसा’ नावाचे फ्रेंच सरकारी जहाज १८१६ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. अधिकाऱ्यांनी होड्या घेतल्या आणि सुमारे दीडशे माणसांना एका तराफ्यावर सोडून दिले. तेरा दिवसांनी त्यांतली पंधरा जिवंत सापडली. त्या तराफ्याचे ते चित्र. सरकारला ते झोंबले आणि पॅरिसने त्याचे हवे तसे स्वागत केले नाही. तेव्हा लंडनचा बुलक नावाचा प्रदर्शनांचा व्यापारी पुढे झाला. पिकॅडिलीवर त्याचे ‘इजिप्शियन हॉल’ नावाचे सभागृह होते. बाहेरून ते इजिप्तच्या देवळासारखे सजवलेले होते. आपल्याकडे एखाद्या सिनेमागृहाला राजवाड्याचा दर्शनी भाग लावतात, तशातला तो प्रकार. १८१२ साली बांधलेले हे सभागृह १९०५ मध्ये पाडले गेले. तेथे १८२० च्या जूनपासून डिसेंबरअखेर ‘मेड्युसा’चे चित्र तिकीट लावून दाखवण्यात आले. सुमारे ४०,००० लोकांनी ते पाहिले, आणि उत्पन्नाचा तिसरा हिस्सा जेरिकोला मिळाला. फ्रान्सने नाकारलेला पैसा आणि मान लंडनने दिला, असे म्हणता येईल. अर्थात लंडनकरांना फ्रेंच सरकारची नाचक्की पाहण्यातही गोडी वाटली असणार.

ह्या पहिल्या खेपेला त्याच्याबरोबर शार्ले होता. त्या दोघांनी मिळून तराफ्याचे एक लहान शिळाचित्र केले, ते प्रदर्शनाची ओळख म्हणून वापरले गेले. १८२१ च्या सुरुवातीला जेरिको पुन्हा लंडनला आला, तो जवळजवळ वर्षभर राहिला. तोपर्यंत लंडनमध्ये शिळाछापाचे दिवस फिरले होते. ॲकरमन या प्रकाशकाने सेनेफेल्डरचे पुस्तक १८१९ मध्ये इंग्रजीत काढले होते. चार्ल्स हलमंडेल नावाच्या तरुणाने, जो जन्माने लंडनकर पण जर्मन संगीतकाराचा मुलगा होता, ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवर छापखाना टाकला होता. शिळाछापात इंग्लंडला जे नाव मिळाले ते मुख्यतः ह्या हलमंडेलमुळे. फेब्रुवारीत जेरिकोने पॅरिसच्या मित्राला जे पत्र लिहिले त्याचा आशय असा, की सध्या आपण दगडावरच झटून काम करीत आहोत, लंडनला ही गोष्ट नवी असल्याने तिची विलक्षण हौस आहे, आणि चिकाटी धरली तर पैसा मिळेल.

छापणारा हलमंडेल आणि प्रकाशक रॉडवेल अँड मार्टिन. १८२१ साली बारा चित्रे आणि एक मुखपृष्ठ असा तो संच बाहेर पडला. त्याचे नाव साधे होते: प्रत्यक्ष पाहून दगडावर काढलेले विविध विषय. वाचकांची अपेक्षा असेल की एवढा घोडेस्वारांचा चित्रकार लंडनला आला, तर त्याने तेथेही तलवारी आणि टापांचा धुरळा काढला असेल. तसे झाले नाही. संच उघडला की दिसतात ते कोळशाच्या गाड्यांचे घोडे. जत्रेला विकायला निघालेले घोडे. मोतद्दारांनी फिरवायला काढलेले घोडे. तीन चित्रांत नालबंद आहेत: एक इंग्रज, एक फ्रेंच आणि एक फ्लेमिश. प्रत्येकाची घोड्याचा पाय धरायची तऱ्हा वेगळी. ज्याने नालबंदाच्या दुकानापुढे तास-दोन तास उभे राहून पाहिले आहे त्यालाच हा फरक काढता येईल.

ह्या संचातील एक चित्र माझ्या विशेष आवडीचे आहे. थेम्सकाठी ॲडेल्फी नावाची इमारतींची ओळ होती, तिच्याखाली कमानींतून धक्क्याकडे जाणारे बोगदे होते. त्या काळोख्या कमानीत कोळसेवाल्यांचे धिप्पाड घोडे शिरत आहेत. आपल्याला त्यांच्या पाठी आणि पुठ्ठेच तेवढे दिसतात. काळोख म्हणजे दगडावर जोराने दाबलेला खडू. त्याच्या पुढे घोड्यांची पाठ उजळ. आठ-नऊ वर्षांपूर्वी ह्याच हाताने रणात उसळणारा घोडा काढला होता. आता तो ओझ्याच्या घोड्यापाशी आला, आणि त्याने त्याचा मान कमी होऊ दिला नाही.

माणसेही तशीच. एक आंधळा बॅगपाइपवाला आपल्या कुत्र्याबरोबर रस्त्याने चालला आहे. एक म्हातारा भिकारी पावाच्या दुकानाच्या भिंतीशी कोसळून बसला आहे. पाव काचेपलीकडे आहे. एक लकवा झालेली बाई हातगाडीच्या खुर्चीत आहे, आणि जवळून जाणारी तरुण बाई भेदरून तिच्याकडे पाहते आहे. त्या वेळचे लंडन जगातील सर्वांत श्रीमंत शहर होते. पाहुण्याने शहराच्या वैभवाची चित्रे काढावीत, ही रीत. ह्याने उंबऱ्याबाहेरची माणसे काढली.

घोडेस्वार अगदीच नाहीत असे मात्र नाही. एका चित्रात राजाच्या ‘लाइफ गार्ड्स’ पथकाचे स्वार आहेत. ही मंडळी रुबाबदार खरी, पण १८२१ च्या ऑगस्टमध्ये राणी कॅरोलाइनच्या अंत्ययात्रेच्या वेळी ह्याच दलाने लंडनच्या गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि दोन माणसे मेली. दुसऱ्या एका चित्रात अरबी घोडा आहे. पूर्वेकडच्या विषयांपैकी संचात आलेला तो एकटाच. मुंबईच्या भेंडीबाजाराकडे आणि भायखळ्याला अरबांच्या पागा पाहिलेल्या आपल्या जुन्या पिढीला ह्या जातीची ओळख सांगायला नको. जेरिकोचे लंडनमधले एक मोठे आश्रयदाते घोड्यांचे व्यापारी एल्मोर होते. त्यांच्यासाठी त्याने त्याच वर्षी एप्समच्या डर्बी शर्यतीचे तैलचित्र रंगवले. ते आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

संच विकला गेला, पण आशा होती तेवढा पैसा काही हाती आला नाही. जेरिको वर्षाअखेर पॅरिसला परतला तो थकून. तेथे त्याने घोड्यांचे आणखी शिळाचित्रसंच काढले. १८२३ मध्ये त्याने एजेन लामी याच्याबरोबर लॉर्ड बायरनच्या काव्यांवर चित्रे केली. गियावर, अबायडॉसची नवरी, माझेप्पा हे त्यांचे विषय. पाहा, कशी गंमत आहे: फ्रेंच माणसाला पूर्वेकडचा घोडेस्वार आता इंग्रज कवीच्या हातून मिळाला. इजिप्तहून आलेले खरे मामलुक मार्सेयला मेले. आणि पुस्तकातला तुर्क घोड्यावर बसून घरोघर गेला. पूर्वेच्या चित्रांचा जो प्रचंड बाजार पुढे शतकभर चालला, त्यात हा भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

जेरिको घोड्यांपायीच गेला. घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतींतून त्याच्या पाठीच्या कण्याला गळू झाले. बरेच महिने अंथरुणावर काढून २६ जानेवारी १८२४ रोजी तो बत्तिसाव्या वर्षी वारला.

त्याच्या ‘मेड्युसा’साठी जमिनीवर पालथा पडून नमुना म्हणून राहिलेला एक तरुण मित्र होता, त्याचे नाव देलाक्रवा. तो १८२५ च्या उन्हाळ्यात तीन महिने लंडनला आला. त्याने नाटके पाहिली, आणि डॉक्टर मेरिक या संग्राहकाकडे जाऊन जुनी चिलखते आणि शस्त्रे कागदावर उतरवली. त्या संग्रहातील काही शस्त्रे पुढे १८७१ साली सर रिचर्ड वॉलेस यांनी घेतली, ती आजही लंडनच्या वॉलेस संग्रहात पाहायला मिळतात. देलाक्रवानेही दगडावर पुष्कळ काम केले. १८२८ मधले त्याचे वाघाने पाडलेल्या रानटी घोड्याचे शिळाचित्र प्रसिद्ध आहे. पण तोपर्यंत त्याची पूर्व ही जेरिकोसारखीच कागदावरची आणि शस्त्रांच्या कपाटातली होती.

१८३२ साली ते बदलले. फ्रेंच वकील मोर्ने याच्याबरोबर देलाक्रवा मोरोक्कोला गेला. तेथे त्याने खरे घोडेस्वार पाहिले. ओळीने घोडी फेकत येऊन एकाच क्षणी बंदुका झाडणारे ते अरब स्वार त्याने पुढे तीस वर्षे रंगवले. मात्र घरांची दारे त्याला उघडली ती यहुद्यांनी. टँजिर येथे फ्रेंच वकिलातीचे दुभाषी अब्राहाम बेनशिमोल होते, त्यांच्या घरी त्याचे जाणे-येणे झाले. त्यांची पत्नी सादा आणि मुलगी प्रेसियादा यांचे त्याने केलेले जलरंगचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. त्या फेब्रुवारीत तो एका यहुदी लग्नालाही गेला. त्यावरून केलेले मोठे चित्र त्याने १८४१ च्या प्रदर्शनात लावले, आणि दुसऱ्या वर्षी एका सचित्र मासिकात त्या लग्नाचे वर्णनही लिहिले. चौकात पांढऱ्या भिंती, वाजंत्री बसलेली, एक बाई नाचते आहे, पाहुणे दाटीवाटीने कडेला. नवरी मात्र चित्रात कोठेच नाही. ती आत, डोळे मिटून, पुतळ्यासारखी बसवलेली असते असे तो लिहितो. मेंदीच्या रात्री आपल्याकडच्या नवरीला किती वेळ हलू देत नाहीत हे ज्या बायांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

देलाक्रवाने ह्या लोकांना हिणवले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याने बेनशिमोलांच्या घरच्यांना नावांसकट टिपून ठेवले, हे तर फारच थोड्यांनी केले असेल. तरीही पाहणारा तो होता आणि पाहिले जाणारे ते होते. पॅरिसच्या प्रदर्शनात त्या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या गर्दीला सादा कोण, प्रेसियादा कोण, याची फिकीर नव्हती. तिला रंगीत कपडे हवे होते. इंग्लंडमध्येही तेच झाले. डेव्हिड रॉबर्ट्स याने यरुशलेम आणि आसपासचा प्रदेश फिरून काढलेली चित्रे लुई हाग या कारागिराने दगडावर उतरवली. हागचा उजवा हात जन्मतः अधू होता; हे सारे त्याने डाव्या हाताने केले. १८४२ पासून १८४९ पर्यंत लंडनमध्ये ते मोठाले ग्रंथ निघाले. त्यांतील यरुशलेमच्या चित्रांच्या नकला पुढे इतक्या निघाल्या की, ती आपल्यापैकी कित्येकांच्या दिवाणखान्यांत काचेखाली लावलेली आहेत. देखावे सुंदर आहेत. पुढे बसवलेली माणसे मात्र पोशाखांच्या गाठोड्यांसारखी वाटतात.

हाच दगड त्याच सुमारास मुंबईत काय करीत होता ते आता सांगतो. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. मराठी खिळे दुर्मिळ आणि महाग होते. दगडावर मात्र चांगल्या अक्षराचा लेखक बसवला की झाले. विशेष कागदावर सुलट लिहून तो मजकूर दगडावर उतरवता येई, त्यामुळे उलटे लिहिण्याची कटकटही नव्हती. आपल्या समाजापुढे तर दुहेरी अडचण होती. हिब्रू आणि बाळबोध, एक उजवीकडून आणि एक डावीकडून, एकाच पानावर बसवायची. खिळ्यांनी जे अवघड ते दगडाने सोपे केले. १८४६ साली मुंबईत शिळाछापावर हिब्रू आणि मराठी अशी हगादा छापली गेली, आणि पेसाहच्या रात्री मेजाभोवती बसलेल्या बाया-मुलांना मिसरातून सुटकेची गोष्ट आपल्या भाषेत समजू लागली.

पुढे १८७४ साली पुण्यात दुसरी हगादा निघाली, तिच्यात चित्रेही आहेत. त्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया दाखवल्या आहेत. कोणी पीठ मळते आहे, कोणी लाटते आहे, कोणी भाजते आहे. त्यांच्या अंगावर साड्या आहेत.

जेरिकोच्या लंडनच्या संचातील चित्रे ब्रिटिश म्युझियमच्या छापील चित्रांच्या संग्रहात आहेत. लंडनला राहणाऱ्या किंवा मुलाबाळांकडे तेथे जाणाऱ्या वाचकांनी एक दिवस त्यासाठी राखावा. ॲडेल्फीची कमान १९३६ च्या पाडापाडीत इमारतींबरोबर बहुतेक गेली, पण थेम्सकाठच्या त्या भागात हिंडताना खाली उतरणारा एखादा काळोखा रस्ता अजूनही लागतो.